पांढऱ्या बाजूचे होकार

सर्वेक्षण संपल्यावर चौथ्या दिवशी उंबरगव्हाणच्या समाजमंदिरात पन्नासेक होकार येऊन बसले, आणि त्यांतला एकही कुणाचा नव्हता.

माला थिटेला ते सगळ्यांत आधी दिसले, कारण समाजमंदिरातच तिची अंगणवाडी भरायची आणि किल्ली तिच्या कमरेला असायची. तिनं कुलूप काढून दार ढकललं तर सतरंजीवर ओळीनं मंडळी बसलेली. गुडघ्याएवढी उंची, अंगानं मऊ, चेहरा सालस, आणि सारखी हलवून हलवून मान जराशी ढिली झालेली. होकार ओळखायला याहून जास्त काही लागत नाही. कुलूपबंद खोलीत ते शिरले कसे, हा प्रश्न तिला पडला नाही. जिथं उत्तर दिलं तिथंच ते परत येणार, दुसरीकडं कुठं जाणार? तिला पडलेला प्रश्न होता, आज खिचडी किती टाकायची.

“खाल्लंय का काही?” तिनं विचारलं.

“व्हय,” सगळे एका सुरात म्हणाले.

“आणखी खाणार का?”

“व्हय.”

मालानं डाळतांदूळ वाढवून टाकले. पोरं आली, होकारांच्या मधे मधे जागा करून बसली, आणि एका पोरीनं तर शेजारच्या होकाराला स्वतःच्या हातानं भरवलं. एरवी ती पोरगी आपल्या सख्ख्या भावाला ताटाला हात लावू देत नाही.

हे होकार आले कुठून, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जिल्ह्याच्या गावी शुश्रूषा पाहणी कक्ष नावाचं एक कार्यालय आहे. त्या कार्यालयाला एक नाजूक प्रश्न विचारायचा होता. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे किंवा होतं, त्या घरात त्याचं सगळं करणाऱ्या माणसाला विचारायचं की बाबा, हा जीव आता सुटला तर बरं, असं कधी तुझ्या मनात आलं का? बऱ्याच जणांच्या मनात येत असेल, तर गावात ‘विसावा’ नावाची एक खोली उघडायची. तिथं दोन नर्सबाया असतील, आठवड्यातून एक दिवस आजारी माणसाला तिथं ठेवायचं आणि करणाऱ्यानं घरी जाऊन नुसतं झोपायचं. योजना चांगली होती. पण असल्या प्रश्नाला खरं उत्तर देईल असा माणूस उंबरगव्हाणात काय, कुठंच जन्माला आलेला नाही.

म्हणून कक्षाचे अधिकारी वाळिंबे साहेब एक युक्ती घेऊन आले होते. वाळिंबे साहेब म्हणजे किडकिडीत, चष्मेवाले, पन्नाशीचे गृहस्थ. बोलताना समोरच्याला दुखेल की काय अशा बेतानं बोलत. त्यांनी पिशवीतून फोडलेले चिंचोके काढले. अष्टाचंग खेळायला घासून घेतात तसलेच, एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी.

“हा पदरात किंवा टोपीत टाकायचा,” ते म्हणाले, “आणि आपला आपण बघायचा. पांढरी बाजू वर आली, तर काहीही विचार न करता हो म्हणून मोकळं व्हायचं. तपकिरी आली, तर मनात जे असेल ते खरं सांगायचं. कुठली बाजू आली ते तुम्हाला एकट्यालाच माहीत. म्हणजे तुमचा होकार ऐकून कुणाला काही कळणार नाही. मलासुद्धा नाही.”

“मग तुम्हास्नी कळणार काय, डोंबल?” गयाबाईंनी विचारलं. गयाबाई म्हणजे मालाच्या शेजारच्या. गावात कुठल्याही गोष्टीत पहिला प्रश्न त्यांचा असतो आणि शेवटचा शब्दही.

“तुमचं काहीच नाही,” साहेब म्हणाले. “गावाचं सगळं. बघा, शंभर जणांनी चिंचोका टाकला तर निम्म्यांना पांढरी पडणार. ते पन्नास होकार मी बाजूला काढणार. उरलेल्या पन्नासांतले जेवढे हो म्हणतील, ती तुमच्या गावची खरी गोष्ट. फक्त ती कुणाची, हे देवालाही सांगता येणार नाही.”

गावाला हे फार आवडलं. इतकं आवडलं की कुणी बंद खोली मागितली नाही आणि साहेबांनाही तिची गरज वाटली नाही. सगळे समाजमंदिरात गोल करून बसले, एकेकानं चिंचोका टाकला, आणि ज्यानं त्यानं मोठ्यांदा उत्तर दिलं. कोण हो म्हणालं आणि कोण नाही, ते सगळ्यांनी ऐकलं. ऐकून उपयोग काय? व्हय म्हणणारा प्रत्येक माणूस पाठोपाठ हसून सांगायचा, “पांढरं पडलं बघा.” पांढरं पडलेलाही सांगायचा आणि न पडलेलाही. दोन दिवसांत तशी रीतच पडून गेली.

मालाला तपकिरी पडलं होतं.

तिच्या घरी तात्या होते, तिचे सासरे. तीन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं तेव्हापासून ते खाटेवर. नवरा दिगंबर टँकर चालवायचा, कधी घरी असायचा, बहुतेक नसायचा. तात्यांना उठवणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं मालाच्या अंगावर. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. गयाबाई स्वतःच्या दोन्ही सुनांना मालाकडं बोट दाखवून बोलत, त्यामुळे त्या दोन सुना मालाशी फारशा बोलत नसत.

पण गेल्या वैशाखात एका दुपारी तिनं चादरी धुतल्या, वाळवल्या, घातल्या, तात्यांना पेज भरवली, आणि तात्यांना उलटी झाली. चादरी, उशी, तिचं लुगडं, सगळं गेलं. ती मोरीच्या कठड्यावर बसली आणि तिच्या मनात आलं, सुटू दे रे देवा ह्यांना. सोडव एकदाचं मला. मग तिनं उठून चादर बदलली. तात्यांच्या कानावर काही गेलं नव्हतं, जाण्यासारखं काही झालंच नव्हतं. तरी त्या दिवसापासून तिला तात्यांच्या डोळ्यांकडं नीट बघता येईना. त्यांना हे कधी कळलं तर, एवढीच एक भीती तिच्या मनात घर करून बसली. बाकी गाव काय म्हणेल याची तिला तितकी पर्वा नव्हती.

पदरातला चिंचोका तिनं दोनदा बघितला होता. नाही म्हणायला कुणाची ना नव्हती. पण एवढ्या दिवसांत कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. “व्हय,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी घरी जाताना तिला हलकं हलकं वाटलं. “तुला पांढरंच पडलं असणार गं बाई!” गयाबाई मागून ओरडल्या होत्या.

आणि आता हे समाजमंदिरात येऊन बसले होते.

निरोप गेला तसे वाळिंबे साहेब दुपारपर्यंत स्कूटरवरून आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्या होकारासमोर बसले.

“आपण आमच्या सर्वेक्षणातले का?”

“व्हय.”

“पांढऱ्या बाजूचे?”

“व्हय.”

“का तपकिरी बाजूचे?”

“व्हय.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. “आपलं घर वरच्या आळीत आहे?”

“व्हय.”

“खालच्या आळीत?”

“व्हय.”

“उगाच शिणवू नका त्यांना, साहेब,” माला म्हणाली. “त्यांना तेवढंच येतं.”

“ते खरं आहे,” साहेब म्हणाले. “त्यांना घडवलंच तेवढ्यासाठी.” मग ते बराच वेळ ओळीकडं बघत राहिले. “हे पांढऱ्या बाजूचेच, मालाताई. तपकिरी बाजूच्या होकाराला माणूस असतो. तो त्या माणसाच्या आत राहतो, त्याला इथं यायचं कारण नाही. हे बिचारे नुसते चिंचोक्यानं म्हणायला लावले म्हणून जन्माला आले. यांना कुणी आपलं म्हटलेलं नाही.”

त्यांनी कक्षात फोन लावला. पलीकडून बराच वेळ वेगवेगळे आवाज आले. उत्तर एकदा मिळालं की कक्षाचं काम संपतं, उत्तरांच्या राहण्याजेवणाची तरतूद नाही, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं की त्यांना कुलूप लावून ठेवता येईल का. साहेब म्हणाले, उत्तराला कोंडून ठेवणं कुठल्या नियमात बसतं ते मला दाखवा. तेव्हा तिसऱ्यानं फोन घेतला आणि काखा वर केल्या. त्यातच उद्या समाजमंदिरात एका लग्नाची हळद होती. दिवस मावळायच्या आत जागा मोकळी करून द्यायला हवी होती.

दुपार कलली तसे होकार उठून दाराकडं तोंड करून बसले. आणि मग त्यांतला एक उतरला, पायरीवर जरा थबकला, आणि सरळ चालत वरच्या आळीला गेला. वाटेत त्यानं कुणालाही काही विचारलं नाही. गयाबाईंच्या दारात जाऊन तो उंबऱ्याशी बसला.

गयाबाईंचा आनंद काय सांगावा! “आला, माझा आला!” म्हणत त्यांनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तडक समाजमंदिरात आल्या. “बघा, मी म्हणत न्हवते? माझं पांढरंच हुतं! ह्यांचं आठ वरसं केलं, पर असलं वंगाळ कधी मनात आलं न्हाई!”

आणि मग, कुणी न विचारता, त्यांनी पुढचंही बोलून टाकलं. “म्हंजी ज्यो व्हय म्हणला आन् ज्याच्या दारात काय आलं न्हाई, त्याचं खरं.”

 साहेब खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढी वर्षं त्यांनी गावोगाव ही पद्धत नेली, लोकांना शब्द दिला की तुमचं कुणाला कळणार नाही, आणि आता खोटे होकार आपापल्या घरी निघाले होते. ते सगळे घरी पोचले की ज्या घरी कुणी गेलं नाही ती घरं उघडी पडणार होती. गणित अगदी साधं होतं. गयाबाईंना जमलं, म्हणजे गावाला जमणारच.

 गयाबाईंचं आणि मालाचं अंगण एकच. संध्याकाळी गयाबाई तात्यांपाशी येऊन बसायच्या आणि दिवसभरात गावात काय काय झालं ते सांगायच्या. आज काय सांगतील?

तासाभरात समाजमंदिर माणसांनी भरलं. “आमचा कुठला, साहेब?” “माझा तो कोपऱ्यातला असंल, माझ्यावाणीच बसलाय.” “आमच्याकडं तेवढा दिवसाउजेडी धाडा, सगळ्यांना दिसूं द्या.” ज्यांना पांढरं पडलं होतं ते सगळे आपापला होकार मागत होते, शाळेचा दाखला मागावा तसा. होकार प्रत्येकाला व्हय म्हणत होते.

मालानं गर्दीवरून नजर फिरवली. पिठाच्या गिरणीचा भानुदास खांबाला टेकून उभा होता. त्यानं आईचं चार वर्षं केलं, गेल्या पोळ्याला ती गेली. तो सर्वेक्षणात हो म्हणाला होता, आणि आता काहीही मागत नव्हता. केसांत पीठ, हात छातीशी घट्ट बांधलेले. त्याची नजर मालावर होती. आणि मालाच्या ध्यानात आलं की तीही काही मागत नव्हती. दोघांनी एकदमच मान खाली घातली.

“मालाताई,” साहेब हळू आवाजात म्हणाले, “मी यांना थांबवू शकत नाही. मी लोकांना विचारायलाच नको होतं.”

“न्हाई साहेब,” माला म्हणाली. “विचारलंत ते बरंच केलंत.” ती हे मनापासून म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिची तिलाच भीती वाटली.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. गयाबाई परत आल्या होत्या. काखेत त्यांचा होकार होता, कडेवर पोर घ्यावं तसा, पण तोंडावर मघाचा आनंद नव्हता.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “एक सांगा. मला पांढरं पडलं, म्हणून ह्यो आला. पर तपकिरी पडलं असतं तर?”

“तर तुम्ही खरं सांगितलं असतं.”

“त्येच तर.” गयाबाईंनी होकाराला खाली ठेवलं. “घरी नेला, ह्यांच्या फोटूखाली बसवला. बसला गुमान. त्याच्याकडं बघता बघता मला आठवलं. शेवटच्या साली, दिवाळीच्या तोंडावर, रातभर वरडत हुते हे. मी उशी डोक्यावर घेतली आन् म्हणलं... जाऊ द्या, काय म्हणलं ते. तपकिरी पडलं असतं तरी मी व्हयच म्हणले असते. मग ह्यो खोटा कसा? आन् ह्यो माझा का न्हाई?”

 “पद्धतीत,” वाळिंबे साहेब म्हणाले, “त्याचा विचार केलेला नाही.”

आपला होकार मागणारे लोक हळूहळू गप्प झाले. कुणी पायाच्या अंगठ्यानं सतरंजीची किनार उकरू लागलं, कुणी उगाच घसा साफ केला. दारात होकार आला म्हणजे माणूस सुटला, असं जे मघापासून सगळे धरून चालले होते, ते काही खरं नव्हतं. पांढरं पडलेल्याला कुणी खरं विचारलंच नव्हतं. आता ज्याला त्याला ते स्वतःलाच विचारावं लागत होतं, आणि तिथं चिंचोका नव्हता.

माला पुढं झाली. पन्नास पोरं सांभाळणाऱ्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते, गर्दी गप्प झाली की लगेच काम सांगायचं.

“साहेब, ह्यांचे वार लावू.”

“म्हणजे?”

“पूर्वी गावात शिकायला येणारी पोरं वारानं जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तसंच. आज ह्या घरी, उद्या त्या घरी. सगळ्या घरी. व्हय म्हणले त्यांच्या, न्हाई म्हणले त्यांच्या, आणि ज्यांच्या घरी कधी कुणी आजारी पडलं न्हाई त्यांच्याही.”

“पण ते आपापल्या घराकडं जातात.”

“कुणी बोलावलं न्हाई तर जातात,” माला म्हणाली. ती एका होकारापुढं वाकली. “माझ्याकडं येतोस का?”

“व्हय.”

“माझ्याकडं येतोस का रं?” भानुदासानं खांबापासूनच विचारलं. 

“व्हय,” तोच होकार म्हणाला.

साहेबांच्या तोंडावर हळूहळू रंग परत आला. ते उभे राहिले. “कुणीही बोलावलं तरी तो जाणार,” ते स्वतःशीच म्हणाले. “म्हणजे ज्याच्या दारात तो दिसेल त्याचाच असेल असं नाही. आणि ज्याच्या दारात नसेल, त्याचा उद्या वार असेल.” त्यांनी खिशातून चिंचोका काढला. “मात्र कोण कुणाकडे जाणार, हे आपण ठरवायचं नाही. पांढरी पडली तर डावीकडचा, तपकिरी पडली तर उजवीकडचा. तेवढं माझं ऐका.”

गावानं ऐकलं. गयाबाई रांग लावायला उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा आपल्याच दोन सुनांना पुढं ढकललं. ज्यांनी सर्वेक्षणात नाही म्हटलं होतं तेही आले. एकानं दोन मागितले, त्याला मिळाला एकच. गयाबाईंचा होकार गेला सोनारांकडं, आणि गयाबाईंना कुणाचा मिळाला ते कुणालाच सांगता आलं नाही. दिवस मावळायच्या आत समाजमंदिर रिकामं झालं आणि हळदीवाल्यांनी मांडव आणून टाकला.

साहेबांनी स्कूटरला किक मारायच्या आधी मालाला बाजूला बोलावलं. “विसाव्याची खोली मिळेल असं दिसतं,” ते म्हणाले. “आकडा पुरेसा आहे. तुमच्या गावात दर पाचांत दोघं.” मग जरा थांबून म्हणाले, “कोण दोघं, ते मला खरंच ठाऊक नाही.”

माला घरी निघाली. बोटाला होकार होता. वाटेत ओट्यावर बसलेल्या माणसांकडं ती बघत गेली. पाचांत दोघं. आजवर तिला वाटायचं, अख्ख्या गावात एकटी तीच तसली.

तात्या भिंतीला टेकून बसले होते. जीभ जड झाल्यामुळे त्यांचे शब्द तुटत, पण घरच्यांना कळत.

“ह्यो कोण?”

“होकार हाय, तात्या. वारानं आलाय. आज आपल्याकडं, उद्या भानुदासाकडं.”

“कुणाचा?”

“कुणाचा न्हाई.”

“मग बसूं दे की हितं.” तात्यांनी डाव्या हातानं खाटेचा पायथा थोपटला. होकार चढून बसला. माला चुलीपाशी गेली. तवा तापला, तिनं एक भाकरी टाकली आणि दुसरी थापायला घेतली. दारातून तिला खाट दिसत होती.

“माला दमती का रं?” तात्यांनी विचारलं.

“व्हय.”

“लई?”

“व्हय.”

 “म्या सुटलो, तर बरं हुईल तिला?”

“व्हय.”

मालाचा हात भाकरीवर थांबला. ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. “तात्या, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. त्याला तेवढंच येतं. काय बी विचारा, व्हयच म्हणतो.”

“ठावं हाय,” तात्या म्हणाले. मग एकेक शब्द जुळवत ते बोलू लागले. “तुझी सासू पडून हुती, तवा तू आली न्हवतीस ह्या घरात. दोन पावसाळं पडून हुती. एकदा तिला पाणी पाजत हुतो. पाजता पाजता मनात म्हणलं, पुरं आता. जा. आन् तिनं वर बघितलं.” ते थांबले. “तिला कळलं का, ते म्या कधी इचारलं न्हाई. कुणाला सांगितलं बी न्हाई. त्या साहेबानं मला चिंचोका दिला असता तर मला तपकिरी पडलं असतं बघ.”

पांढरं पडलं, असं म्हणायची गावात रीत होती. मालाच्या जिभेवर ते आलंही होतं.

“मला तपकिरीच पडलं हुतं, तात्या,” ती म्हणाली.

तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. तात्यांनी डावा हात लांब केला. तो तिच्या मनगटापर्यंतच पोचला. तिथलं पीठ त्यांच्या बोटांना लागलं. ती त्यांच्या डोळ्यांकडं बघत होती, वैशाखापासून पहिल्यांदाच.

“भाकरी करपली,” तात्या म्हणाले.

ती धावत गेली. एक बाजू करपलीच होती. ती बाजूला ठेवून तिनं दुसरी टाकली, कालवण वाढलं, ताट घेऊन आली, आणि पहिला तुकडा मोडून पाहुण्याच्या तोंडात दिला, कारण वारानं आलेल्याला आधी वाढायचं असतं.

तात्या त्याला चावताना बघत होते. “काय रं,” ते म्हणाले, “मग अजून थोडं ऱ्हावं का म्या?”

होकाराच्या तोंडात घास होता. त्यानं मालाकडं पाहिलं.

“व्हय,” माला म्हणाली.

होकारानं घास गिळला आणि तोही व्हय म्हणाला. पण तोवर तात्यांनी डाव्या हातानं ताट आपल्याकडं ओढून घेतलं होतं, आणि आज कालवणात मीठ कमी पडलंय म्हणून कुरकुर सुरू केली होती.